बैठकीच्या खोलीतील हॅलोवीन: कडबा, कापूस आणि कागदाच्या सजावटीच्या नोंदी

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या घरातील बैठकीची खोली १२ बाय १४ फुटांची आहे. तिन्ही भिंतींना फिकट पांढरा डिस्टेंपर आहे, पश्चिमेला एक खिडकी आहे आणि छताच्या बरोबर मध्यभागी पंखा आहे. ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी संध्याकाळी, मुलीच्या वर्गातील आणि इमारतीतील मुले येणार असून तोपर्यंत ही खोली हॅलोवीनची करायची आहे. वरचा खर्च १,५०० रुपयांत बसवायचा, बाजारात मिळणारी प्लास्टिकची तयार भुते आणायची नाहीत, आणि कागद, कापूस व कडबा यांच्याशीच सगळा व्यवहार असल्यामुळे खोलीत कोठेही पणती किंवा मेणबत्ती लावायची नाही, एवढे आधीच ठरवून टाकले.

मुख्य अडचण वेळेची आहे. २१ तारखेला लक्ष्मीपूजन आणि २३ ला भाऊबीज असल्यामुळे बैठकीची खोली २४ तारखेपर्यंत हाती लागणार नाही. म्हणून वाळायला वेळ घेणाऱ्या वस्तू दिवाळीच्या आत मागच्या गॅलरीत करून ठेवायच्या आणि शिवणे, टांगणे, दिवे लावणे ही कामे दिवाळीनंतर करायची, अशी विभागणी केली आहे.

विलायती भुताऐवजी आपला मुंजा करावा, पिंपळाच्या फांदीवर शेंडी आणि लंगोटीसह बसवावा, असे माझ्या मनात होते; परंतु सासूबाईंनी ते साफ मोडून काढले. "तुमचं ते इलायती भूत खुशाल बसवा, त्याला आपलं घर ठाऊक नाही. मुंजाचं नाव सणासुदीला घरात काढायचं नाही," असे त्यांनी बजावले. देवघराच्या दारासमोर काहीही टांगायचे नाही, ही त्यांची दुसरी अट. दोन्ही मान्य केल्या.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईतून साडेतीन किलोचा लाल भोपळा, म्हणजे आमच्याकडचे डांगर, ४० रुपये किलोने आणले. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी या रात्रीसाठी शलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिकडचा भोपळा अधिक सोयीचा वाटला आणि तोच पुढे रूढ झाला. आमच्या डांगराने मात्र ही सोय काही दाखवली नाही. अमेरिकेत कोरण्यासाठी पिकवला जाणारा भोपळा आतून बराच पोकळ असतो. आपल्या डांगराचा गर दोन बोटे जाड निघाला आणि साल इतकी कठीण, की भाजी चिरायची सुरी दोनदा सटकली. मुलांच्या हाती हे काम देण्याचा विचार तेथेच सोडला. शेवटी चमच्याने गर खरवडून भिंत बोटभर जाडीची केली, तरीही आतला दिवा फक्त समोरून दिसतो. बाजूने पाहणाऱ्याला डोळ्यांच्या जागी काळोखी बोगदेच दिसतात.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

डांगराच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरली असून डोळ्यांच्या कडा आत वळल्या आहेत आणि गॅलरीत चिलटे झाली आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेले डांगर याहून अधिक टिकणार नाही. कोणाला खरेच डांगर वापरायचे असेल तर ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच कोरावे. खरवडलेल्या गराचे घारगे झाले, त्यामुळे १४० रुपये अगदीच पाण्यात गेले असे म्हणवत नाही.

आता कागदाची डांगरे करायची.

रविवार, १२ ऑक्टोबर

कागदाच्या लगद्याच्या कामात साचा म्हणून फुगा वापरण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते. तसा एक फुगा कालच लावून पाहिला होता. दुपारच्या उन्हात तो फुगून फुटला आणि ओला कागद चिरफाळला. सावलीत ठेवलेला दुसरा रात्रीतून आकसला आणि त्यावरच्या कागदाला खड्डे पडले. पहिला थर कडक होईपर्यंत आतला साचा हलता कामा नये, हे या कामाचे मर्म आहे आणि फुगा नेमका तेथेच दगा देतो.

क्षारांनी छिद्रे बुजल्यामुळे पाणी गार करीनासा झालेला एक जुना माठ माळ्यावर पडून होता, तो खाली काढला. लहान डांगरांसाठी स्टीलचा गडवा घेतला. साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राचा द्यावा, त्याला खळ अजिबात लावू नये, म्हणजे वाळल्यावर कवच साच्यापासून सुटते. त्यावरचे थर मैद्याच्या खळीने चिकटवले. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके उकळते पाणी ओतून खळ पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायची आणि त्यात चमचाभर मीठ टाकायचे. कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा; फाटलेली विरळ कड शेजारच्या पट्टीत मिसळून जाते, कापलेली कड रंगानंतरही उठून दिसते.

डांगराच्या खाचा दाखवण्यासाठी माठाला तोंडापासून बुडापर्यंत सुतळीचे आठ वेढे बांधले आणि त्यावर कागद चढवला. परिणाम उलटा झाला. सुतळीच्या जागी खाच न पडता उंचवटा आला आणि डांगराऐवजी एक भलामोठा दोडका तयार झाला. सुतळी काढून टाकली, ज्या रेषेवर ती होती ती रेषा मोकळी ठेवून दोन रेषांच्या मधल्या भागावर वर्तमानपत्राचे चुरगाळलेले लांबट बोळे मास्किंग टेपने बसवले आणि त्यावर पुन्हा कागद लावला. आता फुगवटे बाहेर आणि खाचा आत, असा योग्य आकार आला आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मोठ्या डांगराला आंबूस वास येऊ लागला आणि गॅलरीच्या उंबऱ्यापासून त्याच्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली. कारण उघड आहे: तीन थर एकापाठोपाठ एक दिले, वरचा थर पंख्याने वाळून कडक झाला आणि आतले पाणी कोंडले गेले. माठ भाजलेला असला तरी छिद्रे बुजलेली असल्यामुळे त्याने ओलावा शोषला नाही. कवच पूर्ण वाळण्याची वाट न पाहता कटरने उभे दोन भाग केले, माठावरून उतरवले आणि आतली बाजू पंख्याकडे करून ठेवली. दुसऱ्या डांगराला एका वेळी एकच थर देत आहे आणि वरच्या दोन थरांसाठी मैद्याऐवजी एक भाग फेव्हिकॉल व दोन भाग पाणी वापरले आहे. त्याकडे मुंग्या फिरकल्या नाहीत. उरलेली खळ दुसऱ्या दिवशी वापरू नये. ती आंबते आणि चिकटही राहत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दोन मोठी आणि दोन लहान डांगरे जोडून झाली. दोन अर्ध्या भागांचा सांधा आतून आणि बाहेरून कागदाच्या रुंद पट्ट्यांनी बंद केला. छपाईची काळी अक्षरे नारिंगी रंगातून डोकावतात, म्हणून आधी घरात उरलेल्या पांढऱ्या प्रायमरचा एक हात दिला. पोस्टर कलर वाळल्यावरही घामेजल्या बोटांना लागतो, त्यामुळे शेवटी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात दिला. तो ओला असताना पांढुरका दिसतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, तेव्हा घाबरून पुसू नये. डोळे आणि तोंड कापल्यावर आतून पिवळा पतंगी कागद चिकटवला. त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा दिवा आत कोठेही ठेवला तरी सगळा डोळा सारखा उजळतो आणि दिव्याचे प्लास्टिक दिसत नाही. देठ म्हणून वाळलेल्या दोडक्याचे देठच लावले.

आज फुलंब्री तालुक्यातील शेतावरून दीर आले. त्यांच्याकडे कडब्याच्या दोन पेंढ्या, गेल्या हंगामातील पऱ्हाट्यांची एक मोळी आणि पिशवीभर कापूस मागितला होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत पहिल्या वेचणीची बोंडे भिजल्यामुळे कापूस पिवळट पडला आहे आणि व्यापारी त्याला कवडीचा भाव देत आहेत. "वहिनी, जाळ्यालाच वापरायचा ना, मग हाच घ्या, चांगला मागू नका," असे म्हणून त्यांनी तो पिशवीतून ओतला. कोळ्याच्या जुन्या जाळ्यासाठी असा मळकट कापूसच हवा होता. तो फुकट घेणे मात्र मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून तिन्ही वस्तूंचे मिळून २५० रुपये दिले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज वसुबारस असली तरी सांगाड्याचे काम सुरू केले, कारण दिवाळीनंतर ते पुरे होणार नाही.

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, सप्तमातृकांजवळ काल आणि काली यांच्या अस्थिपंजर मूर्ती आहेत. खपाटीला गेलेले पोट आणि एकेक मोजता येणाऱ्या फासळ्या, हे त्यातले पाहण्यासारखे. शाळेच्या प्रयोगशाळेतील सांगाड्यापेक्षा मला तेच शिल्प डोळ्यांसमोर ठेवावेसे वाटले, कारण त्यात प्रत्येक हाड दाखवलेले नसूनही सांगाडा पाहिल्याची भावना होते. आपल्यालाही २०६ हाडे करायची नाहीत. कवटी, पाठीचा कणा, फासळ्या आणि हातापायांची लांब हाडे नीट जमली की पुरे.

हाडांसाठी ज्वारीचे धाट निवडले. ज्यांनी लहानपणी चिपाडाची बैलगाडी किंवा चष्मा केला असेल, त्यांना हे साहित्य सांगावे लागणार नाही. वरची टणक साल सोलली की आतला भेंडासारखा मऊ गाभा पांढरा निघतो, वजनाला नसल्यासारखा असतो आणि त्यात काडी सहज टोचता येते. पेरे जेथे येते तेथे धाट किंचित जाड असते, त्यामुळे हाडाचे टोक वेगळे घडवावे लागत नाही. मांडीसाठी खालची जाड पेरी, हातासाठी मधली आणि बोटांसाठी शेंड्याकडची बारीक पेरी घेतली.

पहिल्या पेंढीतील निम्मी धाटे वाया गेली. बाहेरून धड दिसणारे धाट सोलले की आत खोडकिड्याने पोखरलेली लालसर वाट दिसायची आणि भुसा गळायचा. यावर उपाय म्हणजे सोलण्याआधी धाटाच्या सालीवर बारीक भोके आहेत का हे पाहावे आणि दोन बोटांत दाबून पाहावे. पोखरलेले धाट दबते. शिवाय, गाभा सोलल्यावर लगेच वापरू नये. एक दिवस उन्हात दिल्यास तो थोडा आकसतो आणि मग त्यात टोचलेली काडी सैल पडत नाही.

सांधे जोडण्यासाठी सोललेल्या सालीच्याच टोकदार काड्या वापरल्या. ही साल धारदार असते. दोन्ही हातांच्या बोटांना बारीक चिरा पडल्या आहेत आणि त्या आता फराळाचे तिखट-मीठ लागले की जाणवतात. मुलांकडून हे काम करून घ्यायचे असेल तर साल मोठ्यांनी सोलून द्यावी.

फासळ्यांनी सर्वांत अधिक वेळ खाल्ला. गाभा वाकवला की मोडतो, नुसती वाळलेली साल वाकवली की तिला चीर जाते. शेवटी सालीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधल्या आणि डब्यावरच वाळू दिल्या. वाळल्यावर त्यांनी गोलाई धरली. वरच्या फासळ्यांसाठी लहान डबा आणि मधल्यांसाठी मोठा, असे दोन डबे वापरले, म्हणजे छातीचा पिंजरा नळकांड्यासारखा दिसत नाही.

शनिवार, १८ ते गुरुवार, २३ ऑक्टोबर

दिवाळी. काम बंद. आकाशकंदील उतरवताना त्याचा कामट्यांचा सांगाडा, उरलेले नारिंगी जिलेटीन आणि दिव्यांच्या दोन माळा बाजूला ठेवून घेतल्या.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

भुतांसाठी गुलमंडीतून आणलेले नवे मांजरपाट कामाचे निघाले नाही. त्यात गिरणीची खळ असते आणि वीणही जाड असते, त्यामुळे त्याच्या घड्या मोठ्या आणि ताठ पडतात; टांगल्यावर टेबलावरचा अभ्रा वाटतो. सासऱ्यांची वापरून विरलेली दोन धोतरे होती, ती सासूबाईंनी स्वतःच काढून दिली. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले ते सूत आपल्याच वजनाने बारीक चुण्यांत खाली उतरते. बाटलीवर गडवा उपडा ठेवून, त्यावर साबुदाण्याच्या दाट खळीत बुडवलेले कापड टाकले आणि हातांच्या जागी तारेचे हँगर वाकवून आधार दिला. संध्याकाळपर्यंत कापड आपल्या पायावर उभे राहण्याइतके ताठ झाले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

औषधाच्या दुकानातील कापसाच्या गुंडाळीपासून जाळे होत नाही. तो धुऊन, पिंजून दाबलेला असतो आणि त्याचे तंतू आखूड असतात; ओढले की तुकडे हातात येतात. शेतातला न पिंजलेला कापूस दोन्ही हातांनी हळूहळू ओढत गेल्यास बराच लांबतो, पण तोही एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात नाही. म्हणून आधी पऱ्हाट्यांच्या फांद्यांमध्ये शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे विरळ जाळे विणले आणि त्यावर ताणलेला कापूस पसरला. त्यातल्या काही सरक्या मी मुद्दाम काढल्या नाहीत. पिवळट तंतूत अडकलेली काळपट सरकी जाळ्यात गुरफटून मेलेल्या माशीसारखी दिसते, आणि ते मला हाताने करता आले नसते. पंख्याने तंतू उडू नयेत म्हणून भाताची पातळ पेज फवारली.

कोळी नारळाच्या करवंटीचे केले. नवरात्रापासून साठलेल्या करवंट्या होत्याच. बाहेरचे तंतू न घासता तसेच ठेवले, खराट्याच्या काड्या मधोमध मोडून, पूर्ण न तोडता, आठ पाय केले आणि डोळ्यांसाठी लाल टिकल्या लावल्या. कोळ्यांच्या पुष्कळ जातींना आठ डोळे असतात, असे मुलीने सांगितल्यावर टिकल्यांचे पाकीट संपले.

रविवार, २६ ऑक्टोबर

काळ्या कार्डशीटची वटवाघळे कापायला मुलांना बसवले आणि ते काम तासाभरात उरकले. टांगण्याने मात्र दिवस घेतला. छताला टांगलेली वटवाघळे पंखा लावताच एकमेकांत गुंतली, एक तर पात्यालाच लागले. एवढ्या मुलांच्या गर्दीत पंखा बंद ठेवणे शक्य नाही. भिंतीवर दुहेरी टेपने लावून पाहिली, तर डिस्टेंपरची भुकटी टेपला लागून ती एकेक करून गळू लागली आणि एका ठिकाणी टेप काढताना रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला. अखेर पडद्याच्या दांडीपासून तसबिरीच्या खिळ्यापर्यंत, भिंतीपासून फूटभर पुढे, काळी दोरी ताणली आणि त्यावरून आखूड दोऱ्यांनी वटवाघळे सोडली. पंख्याचा वारा तेथे बेताचाच पोहोचतो. ती हलतात, पण गुंतत नाहीत.

टीव्हीच्या मागची भिंत गडद दिसावी म्हणून ती काळ्या कागदाने पूर्ण झाकली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आंध्रच्या किनाऱ्याकडे आलेल्या चक्रीवादळामुळे येथेही आभाळ आले आहे आणि हवा दमट आहे. सकाळी पाहिले, तर साबुदाण्याच्या खळीतली दोन्ही भुते गुडघ्यांत वाकून खाली बसली होती. कपड्याच्या इस्त्रीची खळ पावसाळ्यात मऊ पडते हे घरातल्या कोणालाही ठाऊक असते. सजावटीलाही तोच नियम लागू आहे. धोतरे धुतली आणि निम्मे फेव्हिकॉल, निम्मे पाणी अशा मिश्रणात बुडवून पुन्हा बसवली. उन्हाऐवजी पंख्याखाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाळली. या मिश्रणाला १२० रुपयांचा डबा लागला, पण नंतर दमट हवेतही भुते उभी राहिली. येथील कोरड्या हवेवर विसंबून खळ वापरायची असेल, तर आभाळाकडे पाहूनच वापरावी.

याच दिवशी पिंपळाची पाने जाळीदार करून घेतली. जून पाने धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर उकळायची, मऊ झाली की थंड पाण्यात धुऊन, पाटावर पसरून, जुन्या टूथब्रशने हिरवा गर हळूच उचलायचा. कोवळी पाने फाटतात, म्हणून ती घेऊ नयेत. भांडे स्टीलचेच घ्यावे. अॅल्युमिनियमला सोडा लागतो आणि ते काळे पडते. हातांत रबरी मोजे हवेत.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सगळे मांडले, ट्यूबलाइट घालवली, नारिंगी जिलेटीन गुंडाळलेले ९ वॉटचे दोन दिवे लावले आणि खोली निस्तेज दिसली. डांगरे तेवढी चांगली उजळली होती. बाकी सगळे अंधुक, सपाट आणि दुकानातल्या अडगळीचे वाटत होते. ज्याच्यावर सर्वाधिक वेळ गेला तो सांगाडा काळ्या कागदापुढे नीट दिसतही नव्हता, कारण ज्वारीचा गाभा आता पांढरा न राहता राखाडी पडला आहे.

मुलगी सोफ्याखाली पडलेली टिकली शोधायला मोबाईलचा टॉर्च जमिनीवर ठेवून वाकली, तेव्हा त्याच्यासमोरचा करवंटीचा कोळी समोरच्या भिंतीवर साडेतीन फुटांचा होऊन उभा राहिला. आठही पायांची मोडलेली पेरी स्पष्ट दिसत होती. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "हे मात्र खरंच भ्या वाटण्यासारखं केलं," इतकेच म्हणाल्या.

त्यानंतरची संध्याकाळ दिवे हलवण्यात गेली. टॉर्चपासून वस्तू एक फुटावर आणि भिंत सात फुटांवर असेल, तर सावली सातपट मोठी पडते. वस्तू भिंतीकडे सरकवली की सावली लहान होते. म्हणजे सहा इंच पसाऱ्याचा कोळी साडेतीन फुटांचा दिसतो आणि त्यासाठी मोठा कोळी करण्याची गरजच उरत नाही. मात्र दिवा बारीक हवा. घरगुती एलईडी बल्बच्या दुधी गोलातून प्रकाश मोठ्या पृष्ठभागातून येतो, म्हणून सावलीच्या कडा धूसर होतात. मोबाईलच्या टॉर्चमधला दिवा अगदी लहान ठिपक्याएवढा असतो, म्हणून कड धारदार येते. एकाच भिंतीवर दोन टॉर्च रोखले की एकाच्या सावलीत दुसऱ्याचा उजेड पडून दोन्ही फिक्या होतात. तेव्हा एका भिंतीला एकच दिवा, आणि तोही जमिनीवर.

या हिशेबाने मांडणी बदलली. टीव्हीमागचा काळा कागद उतरवला, कारण सावलीला पांढरी भिंत लागते. पऱ्हाट्यांची मोळी उघडून तिच्या फांद्या वाळू भरलेल्या डब्यांत उभ्या केल्या आणि टॉर्चपुढे ठेवल्या. खिडकीशेजारची भिंत निष्पर्ण रानाने भरून गेली. सांगाडा भिंतीपासून दूर खुर्चीवर बसवला आणि त्याच्या पायांशी दिवा ठेवला. आता त्याचा राखाडी रंग कोणी पाहत नाही, कारण नजर त्याच्या मागे छतापर्यंत गेलेल्या फासळ्यांकडे जाते. वटवाघळांच्या दोरीखाली आणखी एक टॉर्च ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने ती थोडीशी हलली तरी भिंतीवरची सावली हातभर सरकते. पिंपळाची पाने टांगून काही विशेष दिसत नव्हती, परंतु टॉर्चच्या काचेपासून वीतभर अंतरावर धरल्यास पानाची प्रत्येक शीर भिंतीवर उमटते.

खोलीत खर्च आणि मेहनत घालावी ती याच क्रमाने, असे माझे आता पक्के मत झाले आहे: आधी दिव्यांची जागा ठरवावी, मग त्यापुढे कोणता आकार हवा ते पाहावे आणि शेवटी, वेळ उरलाच तर, वस्तू रंगवावी. करवंटीचे कोळी रंगवलेलेच नाहीत आणि रंगवलेल्या डांगरांइतकेच ते पाहिले गेले.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मोबाईल संध्याकाळभर जमिनीवर ठेवता येणार नाहीत, म्हणून मोंढ्याजवळच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून रिचार्ज होणारे तीन छोटे टॉर्च प्रत्येकी ११० रुपयांनी आणले. घेण्यापूर्वी दुकानाच्या भिंतीवर बोटांची सावली पाडून पाहिली. ज्यांत पुढे भिंग किंवा मोठी चकचकीत वाटी आहे, त्यांचा प्रकाश एका वर्तुळात गोळा होतो आणि सावली भिंतभर पसरत नाही. साधा, उघड्या एका दिव्याचा टॉर्च घ्यावा. पाय लागून ते हलू नयेत म्हणून प्रत्येकापुढे विटेचा आडोसा केला आणि कापसाचे जाळे त्यांच्यापासून दूर, दाराच्या वरच्या कोपऱ्यात नेले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सातला सुरुवात झाली. मुले येताच थेट टॉर्चपुढे जाऊन स्वतःच्या हातांची सावली पाडू लागली, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटे रानाची भिंत हरीण, कुत्रा आणि शिंगांनीच भरलेली होती. हे आधी लक्षात आले असते तर एक भिंत त्यांच्यासाठीच मोकळी ठेवली असती. करणाऱ्यांनी ती जरूर ठेवावी. कापसाचे जाळे एका मुलाच्या स्वेटरला चिकटून निम्मे खाली आले. टॉर्च साडेनऊपर्यंत पुरले, फक्त पऱ्हाट्यांपुढचा शेवटी मंदावला. खाऊ म्हणून दिवाळीचा उरलेला चिवडा आणि शंकरपाळे कागदी पुड्यांत दिले.

शनिवार, १ नोव्हेंबर

उद्या कार्तिकी एकादशी असल्यामुळे सकाळीच सगळे उतरवले. कागदाची डांगरे एकमेकांत बसत नाहीत आणि माळ्यावर बरीच जागा अडवतात. पुन्हा करताना वरचा भाग झाकणासारखा वेगळा ठेवला तर लहान डांगर मोठ्याच्या आत मावेल. त्यांत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या आहेत, कारण खळीला कसर लागते. सांगाड्याच्या गाभ्यात कीड शिल्लक असण्याची शक्यता असल्यामुळे तो घरात ठेवला नाही. फासळ्यांचा पिंजरा तेवढा सुटा करून घेतला. धोतरांची भुते आता धुऊनही मऊ होणार नाहीत, म्हणून ती तशीच पिशवीत बांधली.

खर्च असा झाला: डांगर १४०, कडबा, पऱ्हाट्या आणि कापूस मिळून २५०, मैदा व मीठ घरचे, फेव्हिकॉलचे दोन डबे २४०, पोस्टर कलर व पतंगी कागद १८०, काळे कार्डशीट व कागद १६०, मांजरपाट १५०, टिकल्या आणि दोरा ४०, धुण्याचा सोडा २०, बॅटरीचे छोटे दिवे १००, टॉर्च ३३०. एकूण १,६१० रुपये, म्हणजे ठरल्यापेक्षा ११० अधिक. यातले डांगर, मांजरपाट आणि काळ्या कागदाचा मोठा भाग वगळता आला असता आणि टॉर्च पहिल्याच दिवशी घेतले असते, तर रक्कम हजार-बाराशेत आटोपली असती. भिंतीवरून निघालेल्या डिस्टेंपरच्या पापुद्र्याचा हिशेब यात धरलेला नाही. त्या छटेचा जुना डबा वाळून गेला आहे आणि रंगाऱ्याने एवढ्याशा कामासाठी यायला नकार दिला आहे.